विडी, कॅन्सर आणि घराण्याचं रक्त



बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचले जातात. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी अशी कारणं असतात. अधूनमधून एक अर्ज दवाखान्याचा येतो. कुणाच्या घरधन्याला घशाचा कॅन्सर निघालेला असतो, कुणाच्या सासऱ्यांना फुफ्फुसाचा. अर्ज वाचून झाला की बायका हळहळतात, आणि मग तीन वाक्यं हमखास कानावर येतात.

पहिलं वाक्य, "त्यांच्या घराण्यातच आहे, रक्तातून आलंय."

दुसरं वाक्य, "आमच्या आजेसासऱ्यांनी नव्वदीपर्यंत विडी ओढली, काही झालं नाही. ज्याचं त्याचं नशीब."

तिसरं वाक्य जरा हळू आवाजात येतं, "त्या घरातली मुलगी करून घ्यावी का?"

ही वाक्यं आपण सहज बोलून जातो. पण पहिल्या दोन वाक्यांच्या आधारावर घरातला पुरुष विडी सोडत नाही, आणि तिसऱ्या वाक्यामुळे एखाद्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडतं. म्हणून आजच्या भागात आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये रक्ताचा, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या गुणांचा वाटा किती आणि विडीचा वाटा किती, हे आज नीट समजून घेऊ.

जनुक म्हणजे काय?

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत शरीर कसं चालवायचं याची कृती लिहून ठेवलेली असते. त्या कृतीतल्या एकेका भागाला जनुक म्हणतात, इंग्रजीत जीन. गोड्या मसाल्याचं उदाहरण घ्या. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल सगळ्या घरांत पडतं, पण प्रमाण घरोघरी थोडं वेगळं. एखाद्या घरी एखादा जिन्नस घालतच नाहीत. तरी तो गोडा मसालाच असतो. जनुकांचंही तसंच आहे. माणसामाणसांत थोडा थोडा फरक असतो आणि बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही.

प्रत्येक जनुकाच्या साधारण दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. म्हणजे "बापाचं रक्त" हे अर्धंच खरं. आईचा वाटा तेवढाच असतो, मुलगा असो की मुलगी.

धूर आत गेल्यावर काय होतं?

विडी-सिगारेटच्या धुरात हजारो रसायनं असतात. त्यांपैकी सुमारे ७० रसायनं कॅन्सर घडवणारी आहेत, हे सिद्ध झालं आहे. ती फुफ्फुसातून रक्तात उतरतात. शरीर त्यांना बाहेर काढायला बघतं आणि हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिल्या टप्प्यात शरीरातली काही प्रथिनं त्या रसायनाची मोडतोड करतात. गंमत अशी, की या मोडतोडीत काही रसायनं आधीपेक्षा जास्त घातक बनतात. दुसऱ्या टप्प्यात दुसरी प्रथिनं त्या घातक तुकड्यांना जणू पोत्यात बांधतात, म्हणजे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे बाहेर पडतात. पोतं बांधायच्या आधी जे तुकडे सुटतात, ते पेशीत लिहिलेल्या कृतीलाच जाऊन चिकटतात. कृतीतली अक्षरं बदलतात. शरीर बरीच दुरुस्ती करतं, पण काही चुका राहून जातात. अशा चुका साठत गेल्या की एखादी पेशी बेबंद वाढायला लागते. तोच कॅन्सर.

या चुका किती होतात, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी मोजलं. रोज २० सिगारेटींचं एक पाकीट वर्षभर ओढलं, तर फुफ्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी १५० कायमचे बदल होतात. स्वरयंत्राच्या पेशीत सुमारे ९७, तोंडाच्या पेशीत २३, आणि जिथे धूर पोचतही नाही अशा मूत्राशयाच्या पेशीत १८. हा हिशेब एका वर्षाचा आहे. वीस वर्षांचा तुम्हीच करा.

मग माणसामाणसांत फरक कुठे पडतो?

पोतं बांधणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक आहे, जीएसटीएम-१ नावाचं. बऱ्याच लोकांच्या शरीरात ते मुळातच नसतं. युरोपातल्या जवळपास निम्म्या लोकांत ते नाही, आणि आपल्या देशातही ते नसलेली माणसं भरपूर आहेत. त्यांना एरवी कसलाही त्रास होत नाही. पण ती धूम्रपान करत असतील, तर विष बांधून बाहेर टाकणारा एक हात कमी पडतो.

दुसरं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड नावाचं औषध असतं. १९५० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सारखाच डोस दिला तरी काही जणांच्या शरीरातून ते भराभर निघून जातं आणि काहींच्या शरीरात बराच वेळ रेंगाळतं. हा फरक नॅट-२ नावाच्या जनुकामुळे पडतो, आणि तो आईवडिलांकडून येतो. पुढे दिसून आलं, की धुरातल्या एका प्रकारच्या रसायनांची विल्हेवाटही हेच जनुक लावतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ज्यांचं हे काम सावकाश चालतं, त्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका भराभर काम चालणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, साधारण १.४ पट. आता विडी-सिगारेटचा वाटा बघा. धूम्रपान करणाऱ्याला हाच कॅन्सर होण्याचा धोका न करणाऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट असतो.

तिसरं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. २००८ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी जाहीर केलं, की फुफ्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेला एक आनुवंशिक फरक त्यांना सापडला आहे. तो होता मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं त्या जागा घडवणाऱ्या जनुकांमध्ये. निकोटिन म्हणजे तंबाखूची तलफ लावणारा पदार्थ. या फरकाची एक प्रत असली तर धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो, आणि आई-वडील दोघांकडून एकेक आली तर ७० ते ८० टक्क्यांनी.

असं का होतं? पहिल्यांदा जास्त तंबाखू घेतली की बहुतेकांना मळमळतं, गरगरतं. शरीर सांगतं, पुरे. हा फरक असलेल्यांमध्ये हे "पुरे" जरा उशिरा आणि मंद येतं. म्हणून ती माणसं जास्त ओढतात, खोल झुरका घेतात आणि त्यांना सोडणंही जड जातं. ज्यांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलं नाही, त्यांच्यात या फरकामुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे रक्तातून आलं ते वाळलेलं गवत. काडी ओढली नाही तर ते तसंच पडून राहतं.

एका मोठ्या शास्त्रज्ञाचा हट्ट

"विडीचा दोष नाही, रक्ताचा आहे" असं म्हणणारे फक्त आपल्या गावात नव्हते. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी दाखवून दिलं, की फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये सिगारेट ओढणारे फार जास्त आहेत. तेव्हा रोनाल्ड फिशर नावाचे फार मोठे संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकतेचे अभ्यासक विरोधात उभे राहिले. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. त्यांचं म्हणणं असं, की सिगारेटमुळे कॅन्सर होत नसेल. एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटची ओढ लावत असेल आणि तोच गुण वेगळ्या वाटेने कॅन्सरही घडवत असेल. त्यांनी जुळ्यांचा दाखला दिला. हुबेहूब जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी साध्या जुळ्यांपेक्षा जास्त सारख्या असतात.

ओढ लागण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. आत्ता सांगितलेला २००८ सालचा शोध तेच सांगतो. पण त्यावरून सिगारेट निर्दोष ठरत नाही. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखी असतात. उत्तर युरोपातल्या देशांत अशा जोड्या बघितल्या, ज्यांत एक भाऊ ओढतो आणि दुसरा ओढत नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर ओढणाऱ्याला कितीतरी जास्त झाला. रक्त एकच, फरक धुराचा.

आणखी एक साधा विचार करा. सव्वाशे वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा कॅन्सर दुर्मीळ होता. कारखान्यात बनलेल्या सिगारेटी घरोघर पोचल्या आणि पुढच्या काही दशकांत तो झपाट्याने वाढला. माणसाचं रक्त एका-दोन पिढ्यांत असं बदलत नाही. बदलली ती सवय.

आता हिशेब करू

गटाच्या वहीत आपण व्याजाचा हिशेब करतो, तसाच हा करू. ब्रिटनमधल्या अभ्यासातून निघालेले आकडे असे आहेत. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या १०० पुरुषांपैकी सुमारे १६ जण पंचाहत्तरी गाठायच्या आत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण पावतात. कधीच न ओढणाऱ्या १०० जणांत एकही पुरता भरत नाही.

आता ओढणाऱ्या १०० जणांत, ज्यांच्याकडे तो निकोटिनचा आनुवंशिक फरक नाही त्यांचे समजा १४ धरले. एक प्रत असलेल्यांचे होतील सुमारे १८ आणि दोन प्रती असलेल्यांचे २४-२५. न ओढणाऱ्यांचा आकडा मात्र फरक असो वा नसो, एकाच्या आतच. म्हणजे वाईट रक्त आणि विडी नाही, तर धोका एकाहून कमी. चांगलं रक्त आणि सोबत विडी, तर १४. कुणाचं पारडं जड, ते तुम्हीच बघा.

सोडल्याने काय होतं, तेही त्याच अभ्यासात आहे. साठाव्या वर्षी सोडली तर १६ चे १० होतात, पन्नाशीत सोडली तर ६, चाळिशीत ३, आणि तिशीत सोडली तर २ च्याही आत. म्हणून "आता या वयात सोडून काय उपयोग" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे आकडे सांगा.

आणि ते नव्वदीचे आजेसासरे?

शंभरातल्या १६ जणांना कॅन्सर गाठतो, म्हणजे ८४ जणांना तो गाठत नाही. आजेसासरे त्या ८४ मधले. रेल्वेचं फाटक बंद असताना दांड्याखालून वाकून जाणारी पुष्कळ माणसं रोज सुखरूप घरी येतात. म्हणून आपण लेकराला तसं जायला शिकवत नाही. शिवाय तंबाखू फक्त कॅन्सरने मारत नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि दम्यासारखा फुफ्फुसाचा जुना आजारही त्यातूनच येतो. आयुष्यभर ओढणाऱ्यांपैकी निदान निम्मे जण तंबाखूमुळेच जातात, आणि सरासरी दहा वर्षं आधी जातात. जे आधी गेले ते ओट्यावर बसून आपली गोष्ट सांगायला उरलेले नसतात. उरतात फक्त आजेसासरे.

एकाच घरात दोघांना का होतो?

आईवडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल, तर आपला धोका थोडा वाढतो, साधारण दीड ते दोन पट. त्यात जनुकांचा काही वाटा आहे. पण एका घरात आणखीही बरंच वाटून घेतलं जातं. एकच तंबाखूची डबी, बंद खोलीतला धूर, तीच चूल.

जपानमध्ये १९८१ साली ताकेशी हिरायामा या संशोधकाने स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या हजारो बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे नवरे खूप ओढत, त्या बायकांना फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त झाला होता. म्हणून एखादीला हा आजार झाला की "हिने काय केलं असेल" असं कुणी कुजबुजू नये. धूर तिने ओढलेला नसतो, तिला ओढावा लागलेला असतो.

मुलीच्या लग्नाची गोष्ट

आता ते तिसरं वाक्य. वडिलांना विडीने कॅन्सर झाला, तर तो मुलीच्या रक्तात उतरतो का?

उत्तर आहे, नाही. वडिलांच्या फुफ्फुसातल्या पेशींमध्ये धुराने जे बदल केले, ते त्या फुफ्फुसातच राहतात. ते मुलांकडे जात नाहीत. आईवडिलांकडून येतात ते जन्माआधीपासून असलेले फरक, म्हणजे मघाशी सांगितले ते, पोतं कमी बांधणारे किंवा तलफ वाढवणारे. आणि हे फरक जगात कोट्यवधी लोकांत आहेत. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांतल्याही कुणाकुणात असणारच. या कारणाने मुलगी नाकारायची ठरवली, तर गावात एकही लग्न होणार नाही.

खरंच जपायला हवं अशी घरं थोडी आहेत. जिथे तरुण वयात, म्हणजे पन्नाशीच्या आत, जवळच्या अनेक नातेवाइकांना कॅन्सर झाला आहे, किंवा आई, मावशी, बहीण अशा ओळीने स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर निघाला आहे, त्यांनी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं. अशा घरांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात आनुवंशिक कॅन्सरचा वेगळा विभाग असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वेळेत तपासणीचा फायदाच आहे.

मग विडी ओढणाऱ्या प्रत्येकाने जनुकांची तपासणी करावी का? त्यासाठी गटातून कर्ज काढू नका. चाचणी काहीही म्हणाली तरी डॉक्टरांचा सल्ला एकच राहणार, तंबाखू सोडा. उलट "माझं रक्त चांगलं निघालं" म्हणून कुणी निर्धास्तपणे ओढत राहिला, तर नुकसानच.

आपली मिश्री

आतापर्यंत पुरुषांबद्दल बोललो. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी सुमारे १७ टक्के तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींची तंबाखू बिनधुराची होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घासायचं मंजन नाही. तिच्यातली घातक रसायनं हिरड्यांतून थेट आत जातात. तोंडाचा कॅन्सर होतो, गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरतं. आणि तिची तलफही निकोटिनचीच. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं आपण म्हणतो, ती तीच तलफ.

तर काय करायचं?

घरातल्या माणसाला सोडणं जमत नसेल, तर "याला मनच नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. काहींना ते जन्मतःच जास्त जड जातं, हे आपण आज ऐकलं. त्यांना टोमण्यापेक्षा आधाराची गरज जास्त असते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, चार पावलं चालून यावं. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडे त्यासाठी औषधं आहेत. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांनी, बायकांनीही, आपल्या आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी करून घ्यावी. घरी महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून बघावं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंडात तीन बोटं उभी जातात का. खोकल्यातून रक्त पडलं, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला किंवा लघवीतून रक्त गेलं, तर थांबू नये. दुखत नाही म्हणून थांबणारेच उशिरा पोचतात.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं. हजेरी झाली की विचारावं, आपल्यातल्या किती जणींच्या घरी विडी, गुटखा किंवा मिश्री आहे, आणि सोडायची इच्छा किती जणांची आहे. नावं वहीत लिहायची गरज नाही, नुसता आकडा लिहा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. आमच्या गटांमध्ये आम्हीही हेच करणार आहोत. रक्त आपल्याला निवडता आलं नाही. डबी मात्र रोज सकाळी आपणच उघडतो, आणि ती न उघडणंही आपल्याच हातात आहे.